ऊर्जा सारखी असूनही दोन टकरींचे परिणाम वेगळे का होतात?

प्रश्न दोन भागांत विचारला गेला आहे. दोन टकरींमधील गतिज ऊर्जा सारखीच असेल, तर लक्ष्याची हानीही सारखीच व्हायला हवी का, हा पहिला भाग. आणि प्रयोगशाळेत काही मिलिमीटरच्या छऱ्यांवर केलेल्या प्रयोगांवरून शेकडो मीटरच्या लघुग्रहाविषयी काढलेल्या निष्कर्षांवर कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तसे का आहे हे नीट उमगले की दुसऱ्याचे उत्तर बरेचसे त्यातूनच निघते. म्हणून पहिल्या भागावर मी जास्त वेळ थांबणार आहे.

दोन टकरी शेजारी ठेवून पाहू. 1 ग्रॅम वजनाची, जेमतेम 9 मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी सेकंदाला 7 किलोमीटर वेगाने ॲल्युमिनियमच्याच जाड ठोकळ्यावर आदळते. तिची गतिज ऊर्जा साडेचोवीस किलोजूल भरते. दुसरी टक्कर इतिहासातली आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया अवकाशयानाच्या उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचे वजन अंदाजे पाऊण किलो आणि यानाच्या तुलनेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे 240 मीटर होता, म्हणजे ऊर्जा 22 किलोजूलच्या आसपास. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. पहिल्या टकरीत ठोकळ्यावर सुमारे 2 सेंटीमीटर खोलीचे अर्धगोलाकार विवर पडते आणि बाकीचा ठोकळा धड राहतो. दुसरी टक्कर चौकशीच्या काळात, जुलै 2003 मध्ये, दाबाखालच्या नायट्रोजनवर चालणाऱ्या तोफेने पुन्हा घडवून पाहिली गेली, तेव्हा पंखाच्या कडेवरील कार्बन-कार्बन संमिश्राच्या पॅनेलला सुमारे 40 सेंटीमीटर रुंदीचे भगदाड पडले. कोलंबियाचे सात अंतराळवीर 1 फेब्रुवारीला परत येताना का दगावले, याचा उलगडा त्या एका प्रयोगाने सर्वांना पटेल असा केला. तोपर्यंत, इतका हलका फोम इतक्या कठीण पॅनेलचे काय बिघडवणार, असे अनेक जाणकारांनाही मनापासून वाटत होते.

हा फरक समजून घ्यायचा, तर ऊर्जेवरची नजर काढून दोन वेगळ्या राशींकडे वळवावी लागते: स्पर्शाच्या जागी निर्माण होणारा दाब आणि तो दाब टिकण्याचा काळ.

गोळीचा दाब कागदावर काढता येतो. गोळी आणि ठोकळा एकाच धातूचे असल्यामुळे त्यांची सामायिक सीमा निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाने, आत सरकते. त्या सीमेच्या पुढे ठोकळ्यात आणि मागे गोळीत एकेक आघात-तरंग, म्हणजे दाब एकदम चढवत जाणारा तरंग, निघतो. ॲल्युमिनियममध्ये या तरंगाचा वेग कणांच्या, म्हणजे तरंगाने ढकललेल्या धातूच्या, वेगाबरोबर (इथे तो साडेतीन किलोमीटरच) जवळजवळ सरळ रेषेत वाढतो: सेकंदाला 5.35 किलोमीटर या मूळ आकड्यात कणवेगाची 1.34 पट मिळवली, की तरंगवेग मिळतो. इथे तो सेकंदाला सुमारे 10 किलोमीटर येतो. रँकिन यांनी 1870 मध्ये आणि ह्युगोनिओ यांनी 1887 मध्ये मांडलेल्या, वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या समीकरणांनुसार दाब म्हणजे घनता, तरंगवेग आणि कणवेग यांचा गुणाकार. तो 95 गिगापास्कल भरतो, म्हणजे वातावरणीय दाबाच्या नऊ लाख पटींहून अधिक. सामान्य ॲल्युमिनियम मिश्रधातू साधारण 0.3 गिगापास्कल प्रतिबलाला वाकू लागतो. आघाताचा दाब धातूच्या त्या बळाच्या (म्हणजे टिकून राहण्याच्या ताकदीच्या) तीनशे पट असल्याने, त्या क्षणी आणि त्या जागी धातूची ताकद हिशेबात धरण्याजोगीच उरत नाही. घन धातू द्रवासारखा वाहतो. हे सगळे घडते ते एखाद्या मायक्रोसेकंदात, कारण गोळीची लांबी ओलांडायला तरंगाला तेवढाच वेळ लागतो.

फोमचे गणित अगदी निराळे आहे. त्याची घनता पाण्याच्या चार टक्क्यांहूनही कमी असल्याने 240 मीटरच्या वेगालाही दाब काही मेगापास्कलच्या घरातच राहतो, म्हणजे गोळीच्या दाबाच्या हजारो पट कमी. पण तो मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो आणि एक-दोन मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात पॅनेलच्या पातळ जाडीतून तरंग शेकडो वेळा ये-जा करतात, पॅनेल सबंध वाकते, आधाराच्या जागी ताण साचतो आणि ते एका रचनेसारखे मोडते. गोळीच्या बाबतीत रचनेला प्रतिसाद द्यायला सवडच मिळत नाही. विवर घडायला लागते, तेव्हा ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला टकरीची बातमी पोचलेलीही नसते. कोणत्याही टकरीचा विचार मी याच दोन प्रश्नांनी सुरू करतो: दाब लक्ष्याच्या बळाच्या किती पट आहे, आणि तो टिकण्याचा काळ हा तरंग लक्ष्यातून जाऊन परतण्याच्या काळाच्या किती पट आहे. ऊर्जेचा आकडा त्यानंतर उपयोगी पडतो.

ठोकळा जाड नसता तर आणखी एक गोष्ट दिसली असती, आणि ती नवख्या माणसाला हमखास चकवते. दाबाचा तरंग मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोचला की तिथून तो ताणाचा तरंग होऊन परततो. धातू आणि विशेषतः खडक दाबाला सहसा दाद देत नाहीत, पण ताणाला पटकन फाटतात. त्यामुळे समोरचे विवर आरपार गेलेले नसतानाही मागच्या बाजूने पापुद्रा सुटून तो चांगल्या वेगाने आत उडतो. भिंत शाबूत आहे, पण भिंतीमागच्या उपकरणाचा चुरा झाला आहे, अशी स्थिती यातून येऊ शकते. म्हणूनच ‘आरपार गेले का’ एवढेच न विचारता ‘मागे काय सुटले’ हेही पाहावे लागते.

वेगानुसार टकरींचे ढोबळ तीन पट्टे पडतात. सेकंदाला काही दहा ते काही शे मीटरपर्यंत लक्ष्याची घडण, जाडी आणि आधार यांचे राज्य असते. कोलंबियाची टक्कर याच पट्ट्यातली. त्यापुढे दीड-दोन किलोमीटरपर्यंत लक्ष्याची ताकद आणि त्याचे जडत्व यांची बरोबरीची झुंज चालते, आदळणारी वस्तू बहुधा अखंड राहते आणि तिच्या टोकाचा आकार महत्त्वाचा ठरतो. फ्रान्समध्ये पॉन्सले यांनी 1829 च्या सुमारास याच पट्ट्यासाठी मांडलेले सूत्र, ज्यात रोध हा एक स्थिर भाग आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असलेला दुसरा भाग यांची बेरीज असतो, वाळू आणि मातीसाठी आजही वापरात आहे, आणि ते टिकले याचे कारण ते या दोन्ही स्पर्धकांना आपापली जागा देते. धातूंसाठी तीन किलोमीटरच्या पुढे अतिवेगी आघाताचा प्रदेश सुरू होतो. तिथे आदळणाऱ्या वस्तूचा मूळ आकार लवकरच पुसला जातो. मात्र हे आकडे निसर्गाने आखून दिलेल्या सीमारेषा नव्हेत. सैल वाळूत किंवा मेणात द्रवासारखे वागणे खूप कमी वेगालाच सुरू होते, कारण त्यांचे बळच कमी असते.

शिवाय बळ ही पदार्थाची एकच ठरलेली संख्याही नाही. यंत्रावर सावकाश ताणलेला पोलादाचा तुकडा आणि काही मायक्रोसेकंदांत विकृत झालेला तोच तुकडा वेगळे बळ दाखवतात. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी 1914 मध्ये लांब दांड्यातून जाणाऱ्या दाबतरंगाने अल्पकाळचे दाब मोजण्याची युक्ती काढली, कोल्स्की यांनी 1949 मध्ये दांड्याचे दोन भाग करून मधे नमुना ठेवला, आणि त्या मांडणीवर आजही जगभर पदार्थांची गतिक ताकद मोजली जाते. जी. आय. टेलर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी तर विलक्षण सोपी आहे: धातूचा दंडगोल कठीण भिंतीवर सपाट आपटायचा आणि त्याची उरलेली लांबी मोजायची. टकरीच्या संगणकीय प्रतिकृतीत जे आकडे भरले जातात, ते असल्या प्रयोगांतून आलेले असतात. ते चुकीच्या वेगपट्ट्यातून उचलले असतील, तर पडद्यावरचे चित्र कितीही देखणे असले तरी त्याला अर्थ नसतो.

विवरांचा इतिहास या साऱ्या विचाराची कसोटी पाहणारा आहे, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर वळतो. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये ओल्या चिकणमातीत गोळ्या टाकून चंद्रावरच्यासारखे खळगे तयार केले होते. पण चंद्रावर आदळायला वस्तू येणार कुठून, हे कळेना म्हणून त्यांनी ती कल्पना सोडली. पुढे अडचण निराळीच आली. आकाशातून येणारे दगड सर्व कोनांतून यायला हवेत, मग चंद्रावरची विवरे जवळजवळ सगळी गोल कशी? मातीत तिरका दगड मारला तर खळगा लांबट होतो, हा रोजचा अनुभव या कल्पनेच्या आड येत होता. उत्तर वेगाच्या पट्ट्यात होते. सेकंदाला 3 किलोमीटर वेगाच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये साडेचार मेगाजूल ऊर्जा असते, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाइतकी, आणि लघुग्रहांचे वेग त्याच्या कितीतरी पट असतात. अशी वस्तू लक्ष्यात आपल्या व्यासाएवढी आत शिरेपर्यंत आपली बहुतेक ऊर्जा एका लहानशा जागेत सोडून देते आणि पुढचे काम तिथून पसरणारा आघात-तरंग करतो. तो तरंग सर्व दिशांना सारखाच पसरतो, दिशेची आठवण फार ठेवत नाही. एस्टोनियाचे अर्न्स्ट ओपिक यांनी 1916 मध्ये आणि न्यूझीलंडचे गिफर्ड यांनी 1924 मध्ये हा स्फोटसदृश विचार मांडला. नंतरच्या प्रयोगांनी दाखवून दिले, की क्षितिजाशी साधारण 15 अंशांहून कमी कोन होईपर्यंत विवर गोलच राहते. विवराबाहेर फेकला गेलेला माल मात्र दिशा लक्षात ठेवतो. तिरक्या टकरीत तो फुलपाखराच्या पंखांसारखा दोन बाजूंना पसरतो, आणि ग्रहांच्या छायाचित्रांतून टकरीची दिशा ओळखायची तर आम्ही विवराच्या कडेऐवजी त्या मालाकडे पाहतो.

ॲरिझोनातील मीटिऑर क्रेटरची कहाणी याच मुद्द्यावर उभी आहे. ते विवर 1.2 किलोमीटर रुंद, सुमारे 170 मीटर खोल आणि अंदाजे 50 हजार वर्षांपूर्वीचे आहे. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1891 मध्ये तिथे दोन चोख कसोट्या लावल्या: कडेवरचा माल खळग्याच्या आकारमानापेक्षा जास्त भरतो का, आणि खाली पुरलेल्या लोखंडामुळे चुंबकसुई हलते का. दोन्हींची उत्तरे नकारार्थी आल्यावर त्यांनी ते विवर वाफेच्या स्फोटाचे ठरवले. 1903 पासून डॅनिअल बॅरिंजर यांनी नेमका उलट निष्कर्ष धरला आणि पुरलेल्या लोखंडाच्या शोधात सव्वीस वर्षे खाणकाम केले. एकाचा निष्कर्ष चुकला, दुसऱ्याचा बरोबर निघाला. पण एवढे विवर करायला मोठे लोखंडी पिंड लागते आणि ते खाली शिल्लक राहते, हे गृहीत दोघांचेही एकच होते आणि ते चुकीचे होते. खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी 1929 मध्ये गणिताने दाखवले, की पिंडाचे वस्तुमान सुमारे 3 लाख टनच असावे आणि त्यातला बहुतेक भाग टकरीतच उधळून आणि वाफ होऊन गेला असावा. आजचा अंदाजही सुमारे 50 मीटर रुंदीच्या पिंडाचा आहे. निर्णायक पुरावा 1960 मध्ये आला. शूमेकर, चाओ आणि मॅडसेन यांना त्या विवराच्या वालुकाश्मात कोएसाइट हे क्वार्ट्झचे अतिदाबाखाली बनणारे रूप सापडले. ज्वालामुखीची वाफ पृष्ठभागाजवळ तेवढा दाब निर्माण करू शकत नाही. म्हणजे इथेही अखेरचा निकाल ऊर्जेच्या अंदाजावर लागला नाही. खडकाने सोसलेल्या दाबाच्या खुणेवर लागला.

आता प्रयोगशाळेकडे. बंदुकीच्या दारूचा वायू जड असतो, आणि कोणताही वायू स्वतः जितक्या वेगाने प्रसरण पावू शकतो त्याहून जास्त वेगाने दुसऱ्या वस्तूला ढकलू शकत नाही. ही मर्यादा वायूतील ध्वनिवेगाशी बांधलेली असते, आणि एकाच तापमानाला हायड्रोजनमधील ध्वनिवेग हवेतल्यापेक्षा जवळजवळ चौपट असतो. म्हणून न्यू मेक्सिकोत क्रोझिअर आणि ह्यूम यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस दोन टप्प्यांची हलक्या वायूची तोफ विकसित केली: पहिल्या टप्प्यात दारू दट्ट्या ढकलते, दट्ट्या हायड्रोजन दाबतो, आणि ठरलेल्या दाबाला मधला पडदा फाटून तो तापलेला हायड्रोजन गोळीला पुढे लोटतो. या तऱ्हेच्या तोफा नेहमीच्या कामात सेकंदाला 7 ते 8 किलोमीटर गाठतात. अपोलो मोहिमांच्या तयारीसाठी नासाच्या एम्स केंद्रात 1960 च्या दशकात उभारलेली तोफ आडव्यापासून उभ्यापर्यंत निरनिराळ्या कोनांत फिरवता येते, आणि लक्ष्य मात्र आडवेच राहते. वाळू तिरकी ठेवता येत नाही, म्हणून तोफच तिरकी केली, एवढा साधा आणि सुंदर विचार त्यामागे आहे.

अशा तोफेत लहान गोळी उघडी ठेवत नाहीत. ती नळीच्या व्यासाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत बसवलेली असते. तिला आम्ही सॅबो म्हणतो. नळीबाहेर पडल्यावर सॅबोचे भाग फाकतात, भोक असलेल्या जाड पट्टीवर अडतात आणि गोळी एकटी भोकातून पुढे जाते. शॉट झाला की लोक विवर पाहायला धावतात. मी आधी ती पट्टी पाहतो. तिच्यावर सॅबोच्या भागांच्या खुणा भोकाच्या भोवती समतोल आहेत का, भोकाची कडा खरवडली आहे का, लक्ष्याच्या आसपास बारीक जादा खड्डे आहेत का, हे आधी ठरवावे लागते, कारण सॅबोचा किंवा फाटलेल्या पडद्याचा एखादा कण गोळीबरोबर लक्ष्यावर गेला असेल, तर समोरचे विवर कोणाचे हे सांगता येत नाही. त्यानंतर क्ष-किरणांच्या क्षणचित्रात गोळी आदळण्यापूर्वी अखंड आणि गोल होती का, आणि दोन स्वतंत्र पद्धतींनी मोजलेले वेग जुळतात का, हे पाहायचे. यातले एक जरी बिनसले, तरी तो शॉट आकडेवारीत घ्यायचा नाही, मग विवर कितीही मनासारखे आलेले असो. या शिस्तीपुढे महागडा कॅमेरा दुय्यम आहे, असे माझे ठाम मत आहे.

या तोफांनी ज्या प्रश्नाची सर्वाधिक सेवा केली, तो प्रश्न म्हणजे अवकाशयानाचे रक्षण. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत कचऱ्याच्या कणांशी होणाऱ्या टकरींचा सरासरी वेग सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास असतो. 1983 मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या एका उड्डाणात रंगाच्या अवघ्या 0.2 मिलिमीटरच्या कपच्याने खिडकीच्या काचेवर सुमारे 4 मिलिमीटर रुंदीचा खड्डा पाडला होता. 1984 मध्ये सोडलेला आणि 1990 मध्ये परत आणलेला एलडीईएफ हा, निरनिराळे पदार्थ दीर्घकाळ अवकाशात उघडे ठेवण्यासाठीचा उपग्रह तपासला, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना दिसणारे आघात 30 हजारांहून अधिक निघाले. यावरचा उपाय फ्रेड व्हिपल यांनी 1947 मध्येच सुचवला होता: एका जाड भिंतीऐवजी पुढे एक पातळ पत्रा, मग मोकळी जागा, आणि मागे मुख्य भिंत. पातळ पत्र्यावर आदळताच कणात आघात-तरंग शिरतो, कण फुटतो, वितळतो किंवा त्याची वाफ होते, आणि मोकळ्या जागेत तो ढग पसरून मागच्या भिंतीवर विखुरलेल्या रूपात पोचतो. तेवढीच ऊर्जा, पण मोठ्या क्षेत्रावर आणि कमी दाबाने.

आता मूळ प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट सांगतो. अशा ढालीवर कणाचा वेग 3 किलोमीटरपासून वाढवत नेला, तर काही अंतरापर्यंत ढाल अधिकाधिक मोठे कण पेलू लागते. तीन किलोमीटरला ॲल्युमिनियमचा कण पत्र्यातून जवळजवळ अखंड पार होऊन मागच्या भिंतीत घुसतो. वेग वाढला की तो फुटतो, साडेपाचच्या सुमारास वितळू लागतो, आणि सातच्या आसपास पूर्ण वितळतो. म्हणजे 3 किलोमीटर वेगाचा जो कण भिंत भेदतो, तोच कण 7 किलोमीटरला पाचपटीहून अधिक ऊर्जा घेऊन आला तरी भिंत टिकू शकते. सातच्या पुढे हा फायदा संपतो आणि वाढत्या वेगाबरोबर धोका पुन्हा वाढत जातो. ज्यांना टकरीचे सारे उत्तर ऊर्जेत दिसते, त्यांच्यासमोर मी हा आलेख ठेवतो. 1986 च्या मार्चमध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून सेकंदाला 68 किलोमीटर या सापेक्ष वेगाने गेलेल्या जिओट्टो यानाची ढाल याच तत्त्वावर होती: पुढे 1 मिलिमीटर ॲल्युमिनियम, 25 सेंटीमीटर रिकामी जागा आणि मागे 12 मिलिमीटर केवलार, म्हणजे एक अतिशय चिवट कृत्रिम धागा. धुळीच्या एका मोठ्या कणाने यान डळमळले आणि काही काळ संपर्क तुटला, पण यान वाचले. तेवढ्या वेगाला इतक्या आकाराच्या कणाची चाचणी पृथ्वीवर कोणत्याही तोफेने झालेली नव्हती. होऊही शकत नाही.

इथून दुसरा भाग सुरू होतो: जे प्रयोगात गाठता येत नाही, त्याबद्दल बोलायचे कसे? आकार आणि वेग वेगवेगळे असले, तरी त्या टकरींतील बलांची गुणोत्तरे सारखी असतील, तर परिणामही त्याच साच्यात बसतात, हा इथला पाया आहे. विवराच्या बाबतीत दोन गुणोत्तरे मुख्य आहेत: लक्ष्याचे बळ आणि आघाताचा दाब यांचे, आणि गुरुत्वाकर्षणामुळे वर उचलावे लागणारे ओझे आणि तोच दाब यांचे. लहान विवराची वाढ बळ थांबवते, मोठ्या विवराची वाढ गुरुत्वाकर्षण थांबवते. प्रयोगशाळेतली 3 मिलिमीटरची गोळी खडकावर मारली, तर निकाल बळ देते. तोच निकाल जसाच्या तसा 50 मीटरच्या पिंडाला लावला तर तो चुकणारच. यावरची वाट रॉबर्ट श्मिट, कीथ होल्सॅपल आणि केव्हिन हाउसेन यांच्या कामातून मिळाली: तोफ वेगाने गरगरणाऱ्या मोठ्या अपकेंद्री यंत्रावर बसवून काही शे पट गुरुत्वाकर्षणात गोळी झाडायची. गुरुत्वाचे गुणोत्तर गोळीच्या आकारमानाशी आणि गुरुत्वाशी समप्रमाणात असल्याने, पाचशेपट गुरुत्वातील छोटा छर्रा त्याच वेगाच्या पाचशेपट मोठ्या पिंडाची जागा घेतो.

याच कामातून निघालेला एक निष्कर्ष मला या क्षेत्रातील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. दूरवर घडणाऱ्या परिणामांसाठी आदळणाऱ्या वस्तूची त्रिज्या, वेग आणि घनता ही एकाच संयुक्त राशीत मिसळतात, आणि त्या राशीत वेगाचा घातांक लक्ष्याच्या पदार्थावर अवलंबून असतो. परिणाम फक्त ऊर्जेवर ठरत असता, तर तो घातांक दोन-तृतीयांश आला असता. फक्त संवेगावर ठरत असता, तर एक-तृतीयांश. मोजमापांत तो कोरड्या वाळूसाठी सुमारे 0.4 आणि पाणी किंवा छिद्ररहित खडकासाठी सुमारे 0.55 येतो. म्हणजे खरी टक्कर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी राहते, आणि नेमकी कुठे, हे लक्ष्य ठरवते. सच्छिद्र पदार्थात बरीच ऊर्जा पोकळ्या चिरडून उष्णता निर्माण करण्यात खर्च होते, म्हणून तो संवेगाच्या टोकाकडे झुकतो. 1997 मध्ये नासाच्या निअर यानाने मथिल्डे या लघुग्रहाची छायाचित्रे घेतली, तेव्हा त्याच्या त्रिज्येच्या तोडीची अनेक विवरे शेजारी शेजारी आणि एकमेकांना न बिघडवता दिसली. घन खडकाच्या पिंडाने तेवढे आघात असे सोसले नसते. त्याची घनता घन सेंटीमीटरला जेमतेम 1.3 ग्रॅम निघाली, आणि कोडे सुटले.

अवकाशातल्या प्रयोगांनी ही प्रमाणसूत्रे तपासून पाहण्याची संधी दिली. 5 एप्रिल 2019 रोजी जपानच्या हायाबुसा-2 यानाने रयुगु लघुग्रहावर सेकंदाला 2 किलोमीटर वेगाने 2 किलोग्रॅम तांब्याचा गोळा मारला. विवर 14 मीटरहून रुंद पडले. पृष्ठभागाला थोडेसे जरी बळ असते तरी ते याहून बरेच लहान राहिले असते. म्हणजे तिथल्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे जवळजवळ काहीच नव्हते आणि पृथ्वीच्या तुलनेत नगण्य असलेले ते गुरुत्वच विवराची वाढ थांबवत होते.

सूत्रांचा गैरवापर कसा होतो, हे कोलंबियाच्या प्रकरणात दिसले. यान कक्षेत असतानाच फोमच्या टकरीचे मूल्यमापन एका अनुभवाधारित सूत्राने करण्यात आले होते. ते ज्या चाचण्यांवर बेतले होते, त्यांतील तुकड्यांपेक्षा प्रत्यक्षातला तुकडा शेकडो पट मोठा होता. चाचण्यांच्या कक्षेबाहेर जाणे ही स्वतःहून चूक नाही. लघुग्रहांच्या बाबतीत आम्ही तेच करतो. पण बाहेर जाताना यंत्रणा तीच राहते की बदलते, याची तपासणी आधी करावी लागते. अनेक प्रयोगांतून सरळ रेषा जुळवून घेतलेले सूत्र ही तपासणी करून देत नाही. ते फक्त उत्तर देते.

लघुग्रहाला ढकलण्याचा पहिला प्रत्यक्ष प्रयोग 26 सप्टेंबर 2022 रोजी झाला. नासाचे सुमारे 580 किलोग्रॅमचे डार्ट यान सेकंदाला 6.1 किलोमीटर वेगाने डायमॉर्फॉसवर आदळले. डायडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या या पिंडाचा कक्षाकाळ 11 तास 55 मिनिटे होता; तो सुमारे 33 मिनिटांनी कमी झाला. यान नुसते चिकटून बसले असते, तर त्याचा संवेग तेवढाच मिळाला असता. पण टकरीने खडकाचा चुरा उलट दिशेला उधळला आणि त्या उधळणीच्या प्रतिक्रियेने पिंडाला जादा धक्का मिळाला. एकूण मिळालेला संवेग आणि यानाने आणलेला संवेग यांच्या गुणोत्तराला आम्ही बीटा म्हणतो. डायमॉर्फॉसची घनता डायडिमॉसइतकीच धरली तर बीटा सुमारे 3.6 येतो, म्हणजे ढकलण्याचे बहुतेक काम यानाने केले नाही, उडालेल्या चुऱ्याने केले. ऊर्जा आणि वेग आधीपासून अचूक माहीत होते. तरीही बीटा किती येईल हे कोणालाही टकरीआधी नेमके सांगता आले नव्हते, कारण तो पृष्ठभागाची बांधणी, छिद्रे आणि दगडांची मांडणी यांवर ठरतो. आजही घनतेच्या अनिश्चिततेमुळे तो साधारण 2.2 ते 4.9 या पट्ट्यात कुठेही असू शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेले युरोपचे हेरा यान 2026 च्या अखेरीस तिथे पोचेल, असे नियोजन आहे. डायमॉर्फॉसचे वस्तुमान मोजणे आणि टकरीच्या जागी विवर उरले आहे की सबंध पिंडाचाच आकार बदलला आहे हे पाहणे, ही त्याची मुख्य कामे आहेत. वस्तुमान हाती आले की बीटाचा पट्टा अरुंद होईल, आणि आज वाळू व खडकाच्या प्रयोगांवरून बांधलेल्या प्रतिकृतींपैकी कोणत्या टिकतात, हे ठरवता येईल.